कागदाच्या पाठीवरचं नाव

बदलापूरला शिरगावात आमच्या बिल्डिंगखाली सिमेंटचा एक बाक आहे. संध्याकाळी तिथे चार-पाच निवृत्त माणसं जमतात. पूर्वी विषय गुडघे आणि सुना असे. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि विषय एकच, आज परदेशी संस्थांनी किती घेतलं आणि किती विकलं. लाल आकडा आला की चेहरे पडतात, हिरवा आला की कुणीतरी चहा सांगतो. मी उल्हासनगरात शेअरदलालाच्या पेढीवर सोळा वर्षं काढली हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो. "भोईर, या आकड्यांवर विश्वास ठेवावा का हो?"

"आकडा खरा असतो," एवढं मी सांगतो आणि गप्प बसतो. लोकांना वाटतं, म्हातारा भाव खातोय. पण माझ्याकडचं उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगताना माझी बरीच शोभा होते. बाकावर बसून ते जमत नाही. म्हणून इथे लिहितो.

पेढी कॅम्प दोनमध्ये होती. एका बाजूला जीन्स शिवणाऱ्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला फालुदावाला आणि मधल्या गाळ्यात आम्ही. मालक सिंधी, मुंबईतल्या एका मोठ्या दलालाचे उपदलाल. वयाने फार नव्हते, पण सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही. मी कुळगावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला बी. कॉम. चौऱ्याऐंशी साली मी दादांकडे लागलो तेव्हा शेअर म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं. आमच्या घरी शेअर हा शब्द फक्त रिक्षाच्या संदर्भात माहीत होता.

आता शेअर म्हणजे फोनमधला आकडा. तेव्हा तो कागद होता. जाड, कडेला वेलबुट्टी, मध्ये कंपनीचा शिक्का आणि मालकाचं नाव. विकायचा झाला की त्याला ट्रान्सफर फॉर्म टाचायचा आणि मालकाने त्यावर सही करायची. त्या सहीचा 'र' कंपनीकडच्या सहीपेक्षा वेगळा वळला तरी कागद परत येई. फॉर्मवर सरकारी तारखेचा शिक्का असे आणि त्या तारखेपासून फॉर्मची वर्षभराची मुदत चाले. माझं काम हे सगळं तपासण्याचं. सकाळी मुंबईहून गठ्ठा आला की मी टेबलावर भिंग घेऊन बसे. दादा म्हणत, "भोईर, तेरा आँख मेरा आधा धंदा है." पगार मात्र त्यांनी कधी त्या हिशेबाने दिला नाही.

पेढीच्या दाराबाहेर काळा फळा होता. त्यावर रोज दुपारी भाव लिहायचे आणि सगळ्यात खाली, चौकटीत, 'आज संस्था काय घेत आहेत' ही ओळ. गर्दी भावांसाठी कमी आणि या चौकटीसाठी जास्त होई. मोठे फंड आणि विमेवाले काय घेतात ते कळलं की आपणही तेच घ्यायचं, एवढं साधं शास्त्र. ती माहिती येई कुठून? दादा मुंबईला फोन लावत आणि ओरडून विचारत, "कौन घुसा आज?" पलीकडचा माणूस बाजारातल्या गोंगाटात जे ओरडे त्यातलं निम्मं दादांना ऐकू येई, उरलेलं ते स्वतः भरत. नव्वदीनंतर परदेशी संस्था आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचे आकडे अधूनमधून पेपरात छापून येऊ लागले. तेव्हा मला हायसं वाटलं. पण पेपरात सगळ्या बाजाराची मिळून एकच बेरीज असे. कुठला शेअर घेतला हे त्यात नसे. मग दादा आकडा पेपरातला घेत आणि शेअरचं नाव मनातलं घालत. मी एकदा म्हटलं, "दादा, हे यात कुठे लिहिलंय?"

"साईं, पैसा आया है ना? तो किधर तो जाएगा," दादा म्हणाले.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. अंबरनाथचे एक फोरमन होते. ते पेपरातले आकडे वहीत उतरवून ठेवत, पण फक्त खरेदीचे. विक्रीचे का नाही लिहीत, असं विचारलं तर म्हणाले, "विक्रीचं कशाला? उगाच मन खराब होतं." त्यांच्या वहीप्रमाणे परदेशी लोकांनी तोपर्यंत अर्धा देश विकत घेतलेला असणार. याउलट आमची पापडवाली आंटी. पापड लाटून लाटून तिने चांगलीच माया जमवली होती. ती फळ्यासमोर उभी राही, चौकटीतली ओळ कुणाकडून तरी वाचून घेई आणि खो-खो हसे. "इतना बड़ा आदमी मेरे को बता के खरीदेगा क्या?" असं म्हणून ती आपल्याला हवं तेच घेऊन जाई. तेव्हा मी तिला अडाणी समजत होतो.

आणि गुप्ते.

अरविंद गुप्ते अंबरनाथला एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. आमच्याकडच्या कारखान्यांना तेव्हा शुक्रवारी सुट्टी असे. त्यामुळे शुक्रवारी सकाळी धुतलेला शर्ट घालून तो पेढीवर हजर. बोटांची पेरं कायम पिवळी. भाव विचारायच्या आधी तो माझ्या टेबलाजवळ स्टूल ओढे आणि म्हणे, "काढ बघू, आज कोण कोण आलंय."

हा त्याचा शोध. शेअरच्या कागदाच्या पाठीवर एक तक्ता असायचा. कागद ज्याच्या ज्याच्या नावावर झाला त्यांची नावं त्यात तारखेसकट ओळीने लिहिलेली. मी फक्त शेवटचं नाव बघायचो, सही त्या माणसाची आहे ना यापुरतं. गुप्तेने मला सगळी वाचायला शिकवलं. "ही बघ, दादरची बाई. सात वर्षं सांभाळले आणि मे महिन्यात विकले. मुलीचं लग्न असणार." "हे सोलापूरचे डॉक्टर. चार महिन्यांत विकून मोकळे. यांना धीर नाही, पेशंटचं काय होत असेल!" मग मीही सुरू होई. पुढे पुढे गठ्ठ्यात एखादी गमतीदार पाठ निघाली की मी ती शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवायचो. तो आला की दोघं डोकी जवळ आणून बसायचो आणि कधीही न भेटलेल्या माणसांचे संसार लावून द्यायचो. दादा ओरडत, "ये पेढी है कि शादी का ऑफिस?" मला आजही शुक्रवार उजाडला की अकराच्या सुमाराला उगाच चुकल्यासारखं होतं. एवढी वर्षं झाली, पण ते जात नाही.

गुप्ते आणि त्याची बायको शैलावहिनी अंबरनाथला भाड्याच्या दीड खोलीत राहत. माझ्या वडिलांचं शिरगावात शेत होतं. भात परवडेना, तेव्हा बाबांनी आणि काकांनी त्याचे प्लॉट पाडले. एक माझ्यासाठी ठेवला. शेजारचा गुप्तेने घ्यायचा असं आमचं ठरलं. ठरलं म्हणजे किती, तर मधे कुंपण घालायचं नाही, विहीर एकच खणायची आणि दोघांच्या ओट्यांची तोंडं समोरासमोर ठेवायची, इथपर्यंत. वहिनींनी कढीपत्त्याची जागासुद्धा दाखवून ठेवली होती. पैसे गुप्तेकडे एकाच रूपात होते. नोकरीला लागल्यापासून थोडे थोडे करत त्याने एका रंगरसायनाच्या कंपनीचे चारशे शेअर जमवले होते. ते विकून प्लॉट आणि दोन खोल्या, असा बेत. भाव थोडा कमी होता. तो वाट बघत होता.

बाबा मला अधूनमधून टोकत. "तुजा दोस्त कवा घेनार हाय? तुजे काकांना दम नाय. दिवालीपर्यंत मी थांबवतो, म्होरं माज्या हातात नाय."

त्र्याण्णव साली गणपती उठले आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली की परदेशी संस्थांची खरेदी वाढते आहे. दादांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे नेमकं गुप्तेचे शेअर होते त्या कंपनीचं नाव घातलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मेरा दिल बोलता है." गुप्ते शुक्रवारी ते वाचून खूश झाला. म्हणाला, "थांबतो अजून थोडा." मला मात्र दादांच्या दिलाचा अनुभव होता.

पुढच्या बुधवारी सकाळी गठ्ठा आला. एका गिऱ्हाइकाने त्याच कंपनीचे शेअर घेतले होते, त्यांचे आठ कागद. मी पहिला उलटला आणि चमकलो. पाठीवर शेवटचं नाव एका मोठ्या देशी फंडाचं. दुसरा उलटला, तोच फंड. आठही तेच, क्रमांकही ओळीने. सह्या तपासल्या, मुदत तपासली, सगळं ठीक. फळा सांगतोय संस्था घेतायत, पेपर सांगतोय घेतायत, आणि इथे माझ्या टेबलावर संस्था विकतेय! हे गावात कुणालाच माहीत नाही, मला माहीत आहे. नऊ वर्षं भिंग घेऊन बसलो त्याचं चीज झालं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिला विचार गुप्तेचा नव्हता, स्वतःच्या हुशारीचाच होता. गुप्ते दुसरा.

मी एक कागद फाइलमध्ये घातला, दादांना पोटात दुखतंय असं सांगितलं आणि अंबरनाथ गाठलं. गिऱ्हाइकाचा कागद पेढीबाहेर नेणं हा आमच्या धंद्यात गुन्हाच. कारखान्याच्या गेटवर निरोप पाठवून गुप्तेला बाहेर बोलावलं. तो पांढरा कोट घालूनच आला. गेटजवळच्या टपरीमागे उभं राहून मी कागद त्याच्या हातात दिला.

"उलट."

त्याने उलटला. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा सुलट केला, खालचा फॉर्म बघितला. बराच वेळ बघत होता. मला घाई झाली होती.

"असे आठ आहेत," मी म्हटलं. "फंड बाहेर पडतोय. ब्याण्णवच्या घोटाळ्यात भाव कसे कोसळले ते विसरलास का? तेव्हाही तू थांबला होतास."

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

"मग विकून टाक. येतील त्यात प्लॉट घेतो. खोल्यांचं पुढे बघू."

इथे तरी मी गप्प बसायचं. पण अंगात आलेला माणूस कसा थांबेल? मी म्हटलं, "प्लॉटची घाई करू नको. पैसे तसेच ठेव. दोन महिन्यांत भाव निम्म्यावर येईल, तेव्हा परत घेऊ. मग प्लॉट, खोल्या, वर गच्चीही होईल." त्याने कागद माझ्या फाइलमध्ये नीट सरळ करून ठेवला आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं."

गुरुवारी त्याचे चारशे शेअर विकले गेले. पुढच्या आठवड्यात भाव थोडा घसरला. मी फालुदा मागवला. त्यानंतर तो जो वर निघाला तो थांबायला तयार होईना. दर शुक्रवारी गुप्ते येई, फळ्याकडे बघे आणि स्टुलावर बसे. "येईल खाली," मी म्हणायचो. "येईल की," तो म्हणे. दिवाळी झाली. बाबांनी काकांना कसंबसं संक्रांतीपर्यंत अडवून धरलं. तोपर्यंत शेअर दुपटीच्या पुढे गेले होते आणि बाजारात पैसा आला तशी बदलापूरची जमीनही महागली होती. गुप्तेकडच्या पैशांत आता प्लॉटही बसेना. मी बाबांच्या पाया पडायचा बाकी होतो. बाबा म्हणाले, "मी काय करू बाला? इकडं चार भावांच्या सह्या लागतान." होळीच्या आधी तो प्लॉट एका बिल्डरने घेतला.

गुप्तेने एकदाही मला बोल लावला नाही. त्याने लावला असता तर मला झोप आली असती. उन्हाळ्यात त्याला वापीला नोकरी लागली. जाताना दोघं आमच्याकडे कुळगावला जेवायला आले. वहिनी हसून बोलत होत्या, पण जेवणानंतर मागच्या दारी गेल्या नाहीत. तिथून शेतांपलीकडे शिरगावचा तो प्लॉट दिसत असे. स्टेशनवर सोडताना मी म्हटलं, "सुट्टीत ये." तो म्हणाला, "येतो की." आला नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने त्या आठांपैकी एक कागद कंपनीकडून परत आला. सहीत काहीतरी खोट निघाली होती. मी टेबलावर घेतला आणि सवयीने तारखेचा शिक्का बघितला. मुदत संपलेली होती, म्हणून नीट हिशेब केला. मी गेटवर धावत गेलो त्या दिवशी तो शिक्का जवळजवळ अकरा महिन्यांचा जुना होता.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून सांगतो. विकणाऱ्याने सही केली की फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवायची पद्धत होती. मग तोच कागद एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकला जाई. मुदत आहे तोवर कुणीच नावावर करून घेत नसे. पाठीवर नाव मात्र जुनंच राही. म्हणजे फंडाने ते शेअर कधीच्या काळी विकले होते. नंतर ते कुणाकुणाकडून फिरत माझ्या टेबलावर आले, आणि मी ती ताजी बातमी समजलो. पेपरातला आकडा खरा होता. दादांनी मनाने घातलेलं नावसुद्धा, आंधळ्याने मारलेल्या दगडासारखं, बरोबर लागलं होतं. चुकला तो एकटा भिंगवाला. शिक्का मी रोज शंभरदा बघत होतो, पण मुदत शिल्लक आहे की नाही एवढंच बघत होतो. तो कागदाचं वय सांगतो, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. दादांना नाही, बायकोला नाही, आणि गुप्तेला तर नाहीच. पत्र तीनदा लिहायला घेतलं. बाजार आहे, चालायचंच, असं त्याला वाटत असेल तर वाटू दे, असं स्वतःला समजावत राहिलो. शुक्रवारी स्टुलावर दुसरं कुणी बसलं की मला राग येई.

मग डिमॅट आलं, शेअर कागदावरून कॉम्प्युटरात गेले. लोक कागद जमा करू लागले आणि त्यांच्यावर रद्दचा शिक्का मारायचं काम माझ्याकडे आलं. नव्याण्णव सालची गोष्ट. दिवसभर मी शिक्के मारत होतो. दादरच्या बाया, सोलापूरचे डॉक्टर, सगळ्यांची नावं शेवटची वाचत होतो, आणि वाचून दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. एका दुपारी शिक्का खाली ठेवला, दादांना खरं कारण सांगून रजा घेतली आणि दुसऱ्या दिवशी वापीला गेलो.

गुप्ते कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होता. केस पांढरे झालेले, बोटं तशीच पिवळी. मला दारात बघून त्याला इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. वहिनींनी पोहे केले. जुन्या गप्पा झाल्या, पापडवाल्या आंटीची चौकशी झाली. शेवटी वहिनी आत गेल्या तेव्हा मी एका दमात बोलून टाकलं. आठ कागद, अकरा महिन्यांचा शिक्का, फंडाने कधीच विकलेले शेअर, सगळं. म्हटलं, "तुझं घर माझ्यामुळे गेलं. मी तो शिक्का नीट बघितलाच नव्हता."

गुप्तेने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मी बघितला होता," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"गेटवर तू कागद दिलास ना, तेव्हाच. आमच्या लॅबमध्ये बाटली हातात घेतली की आधी तारीख बघायची सवय. म्हटलं, हे तर वर्षापूर्वीचं दिसतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"अरे, तू रोज तेच बघणारा. मी आपला शुक्रवारचा. म्हटलं, भोईरने शिक्का बघितलेला असणारच. आणि तरी एवढा धावत आलाय, म्हणजे त्याला त्याहून काहीतरी जास्त माहीत असणार."

"मला काहीच जास्त माहीत नव्हतं रे," मी म्हणालो.

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुसतापुसता हसायला लागला.

"आता सांगतोयस होय!"